छाप बाहेर

घडीच्या खोलीत हुकूम कोणाचा चालतो असं धाकटीला विचारलं असतं, तर तिने मनापासून सांगितलं असतं, "कोणाचाच नाही." आणि ती खोटं बोलत होती असंही नाही. खोटं बोलायचं तर आधी खरं काय ते माणसाला ठाऊक असावं लागतं.

धुलाईची ती कंपनी चांगली मोठी होती. एका इस्पितळाच्या आणि एका हॉटेलच्या चादरी, अभ्रे, टॉवेल सगळं तिथे यायचं. खालच्या मजल्यावर यंत्रं ते धुवून वाळवायची आणि वरच्या मजल्यावर, घडीच्या खोलीत, बायका त्याच्या घड्या घालायच्या. घड्यांचंही एक यंत्र मध्ये आणलं होतं. त्याने पहिल्याच दिवशी एक चादर गिळली ती पुन्हा दिलीच नाही. तेव्हापासून ते कोपऱ्यात उभं होतं आणि बायका त्याच्यावर जेवणाचे डबे ठेवायच्या.

या खोलीत दोघी सख्ख्या जावा कामाला होत्या. थोरली आधी लागली, तिने मग धाकटीला आणलं. घरातली नाती कामावर नावं होऊन बसली. थोरलीला सगळ्या थोरली म्हणायच्या, आणि धाकटीचे केस पांढरे व्हायला लागले तरी ती धाकटीच राहिली. त्यांच्याबरोबर एक बाई होती, तिचं तोंड सकाळी सुरू व्हायचं ते भोंगा होईपर्यंत बंद व्हायचं नाही. ती रेडिओ. आणि एक होती नवी. नवी येऊनही बरीच वर्षं झाली होती, मध्यंतरी ती आजीसुद्धा झाली, पण तिच्यानंतर कोणी आलंच नाही, त्याला ती तरी काय करणार? आणखीही दोन-तीन जोड्या होत्या, पण त्या या चौघींच्या बोलण्याला मान हलवण्यापलीकडे फारशा कशात नसायच्या.

आधी तिथे रीतसर प्रमुख होती. मोठ्या बाई. खिडकीशी त्यांची खुर्ची आणि भिंतीवर पाटी, वर 'विभागप्रमुख' आणि खाली बाईंचं नाव. बाई निवृत्त झाल्या, नाव ब्लेडने खरवडून काढलं, आणि नवं माणूस नेमायचं कंपनीच्या डोक्यातून गेलं. पाटीवर खालची जागा रिकामी राहिली. सुरुवातीला बायका घाबरल्या, की आता कसं होणार? मग बघतात तो काही झालंच नाही. काम होत राहिलं. उलट बरं होऊ लागलं, आणि हे मोठ्या बाईंच्या कानावर जाऊ नये एवढी काळजी मात्र सगळ्यांनी घेतली.

कसं होऊ लागलं ते सांगतो. सकाळी गाठोडी वर आली की कुठलं आधी घ्यायचं हा प्रश्न असायचा. धाकटी कधी कोणाला अमुक कर म्हणायची नाही. ती एक चादर उचलायची आणि हवेला विचारायची, "आज काय, चादरी आधी घ्यायच्या का टॉवेल?" हातात चादर असताना टॉवेल कोण म्हणेल? सगळ्या म्हणायच्या चादरी. आणि सगळ्यांना वाटायचं, आपण ठरवलं. सगळ्यात किचकट गाठोडं, ज्यातल्या चादरींच्या कडा उसवलेल्या असायच्या, ते ती काही न बोलता स्वतःकडे ओढायची. मग बाकीच्यांना कुरकुर करायला तोंड राहायचं नाही. रेडिओचं आणि नवीचं वाजलं की धाकटी दोघींमध्ये जाऊन म्हणायची, "अगं, जरा हे टोक धर गं," आणि एका चादरीचं एकेक टोक त्यांच्या हातात द्यायची. ताणलेल्या चादरीच्या दोन टोकांना उभं राहून भांडता येत नाही. चादर ढिली पडते. बघा करून कधी.

घड्यांचंही तसंच. इस्पितळातली कपाटं अरुंद, म्हणून त्यांच्या घड्या लहान. हॉटेलची कपाटं ऐसपैस, म्हणून घड्या रुंद. कधी इस्पितळवाले कपाटं बदलायचे, कधी हॉटेलवाले. नवा निरोप वर पोचायचाच असं नाही. मग पहिली घडी धाकटीने कशी घातली ते सगळ्या तिरक्या डोळ्यांनी बघायच्या आणि तशीच घालायच्या. तिला विचारायचं मात्र कोणीच नाही. विचारलं म्हणजे ती वरची ठरली. आणि इथे वरचं कोणी नव्हतं, याचा सगळ्यांना फार अभिमान होता.

घरी सगळं याच्या अगदी उलट. घरात थोरलीचा शब्द. थोरले दीर गेले, थोरलीच्या मुली आपापल्या घरी गेल्या, तरी स्वयंपाकघरात कालवणात मीठ किती हे थोरलीच सांगायची आणि धाकटी म्हणायची, "बरं, जाऊबाई." नवरा कधी धाकटीला म्हणायचा, "तुला स्वतःची अक्कल नाही का?" तर ती म्हणायची, "आहे, पण जाऊबाईंची जवळ पडते."

आता मुख्य गोष्ट. थोरलीचा उजवा हात गेला होता. गेला म्हणजे जागेवरच होता, पण त्यातली पकड गेली होती. आधी करंगळी बधिर झाली, मग तिच्या शेजारचं बोट, आणि आता मूठच मिटत नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. थोरलीची झाकतच नव्हती, हीच तर अडचण.

आणि कंपनीचा नियम होता, ज्याला काम दोन्ही हातांनी जमत नाही त्याला विश्रांती. विश्रांती म्हणजे हार, दोन शब्द आणि भिंतीवरचं घड्याळ. याच खोलीतल्या टॉवेलवाल्या काकीचा खांदा धरला तेव्हा तिला तसं घड्याळ मिळालं होतं. ती नंतर एकदा दुपारी फाटकाशी आली होती, सगळ्यांना भेटायला. "घड्याळ कसं आहे?" रेडिओने विचारलं. "अगदी बरोबर चालतं," काकी म्हणाली. "मी दिवसभर त्याच्याकडेच बघते." तेवढंच बोलली आणि गेली. त्या संध्याकाळी भाजी चिरता चिरता थोरली धाकटीला म्हणाली, "मला घड्याळ नको." भाजी ती डाव्या हाताने चिरत होती. धाकटी म्हणाली, "बरं, जाऊबाई." हाताबद्दल दोघींत झालेलं बोलणं म्हणजे एवढंच.

तेव्हापासून धाकटीने थोरलीची जोडी सोडली नाही. मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. एक उभी राहते, एक चालते. उभी राहणारी आधी हात करते, उजवं टोक डाव्यावर आणते. समोरची तिच्याकडे तोंड करून असते, म्हणून तिला बरोबर उलटा हात करावा लागतो. मग चादर ताणायची, मग चालणारीने चालत येऊन आपली टोकं उभीच्या हातात द्यायची आणि खाली लोंबणारी घडी उचलून मागे जायचं. दिवसभर हेच. चालणारीचे पाय जातात, उभीला फक्त धरायचं असतं. धाकटीने चालायचं काम स्वतःकडे घेतलं. टोक थोरलीच्या डाव्या हातात द्यायची, उजव्याला नुसतं टेकवायची, आणि घडीचं वजन स्वतःच पेलायची. लांबून बघणाऱ्याला दोघी दोन-दोन हातांनी काम करताना दिसायच्या. मोजले असते तर हात तीनच होते. धाकटीला वाटायचं, हे आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.

अशात नवे साहेब आले. तरुण, सरळ माणूस. येताना कुठलंसं शिबिर करून आले होते आणि आल्या आल्या सगळ्या विभागांतून फिरले. घडीच्या खोलीत पाटीसमोर उभे राहिले.

"इथे प्रमुख कोण?"

"कोणी नाही," रेडिओ म्हणाली.

"मग काम कोण वाटून देतं?"

"कोणी नाही."

"मग ते होतं कसं?"

रेडिओ आयुष्यात पहिल्यांदा अडली. "आपलं असंच," ती म्हणाली.

साहेबांनी हे लिहूनही घेतलं. मग ते काही दिवस येत राहिले, दाराशी उभे राहून बघत राहिले. काखेत कळसा अन् गावाला वळसा असला प्रकार त्यांच्याकडून झाला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांना लवकरच दिसलं की खोलीतली प्रत्येक मान दर थोड्या वेळाने एकाच दिशेला वळते. एका सकाळी त्यांनी धाकटीला खाली बोलावलं.

"पाटीवर तुमचं नाव लिहायचं म्हणतोय," साहेब म्हणाले. "खुर्चीत बसायचं, सगळ्यांवर लक्ष ठेवायचं. घड्या घालायच्या नाहीत. एवीतेवी तुम्हीच खोली चालवता."

"मी?" धाकटी घाबरलीच. "मी कुठे चालवते? मी तर नुसती चालते."

"विचार करा. महिनाअखेरीस मला वर कोणाचं तरी नाव कळवायचंय. तुम्ही नसाल तर बाहेरून माणूस येईल."

धाकटी जिना चढून वर आली. इकडे आड तिकडे विहीर. खुर्चीत बसलं तर थोरली दुसरीच्या जोडीला जाणार आणि पहिल्या चादरीला हात उघडा पडणार. नाही म्हटलं तर बाहेरचं माणूस येणार, आणि बाहेरच्या माणसाचं कामच मुळी कोणाचा हात चालतो नि कोणाचा नाही ते बघायचं. शिवाय थोरलीने आपल्या हाताखाली काम करायचं? जिने आपल्याला घडी शिकवली तिने आपल्याला विचारून पाणी प्यायला जायचं? आणि संध्याकाळी घरी त्याच थोरलीने आपल्याला मीठ सांगायचं? एका म्यानात दोन तलवारी एक वेळ राहतील, पण एका ओट्याशी अशा दोन बायका राहायच्या नाहीत.

"काय म्हणत होते साहेब?" थोरलीने विचारलं.

"काही नाही. आपलं असंच," धाकटी म्हणाली, आणि तिने चादरीचं टोक उचललं.

त्या दिवशी धाकटीचे हात चादरीवर होते, पण डोकं खालीच साहेबांच्या खोलीत राहिलं होतं. चादर ताणली, चालली, वळली, पुन्हा चालली. ढीग वाढत गेला. मध्येच तिच्या लक्षात आलं की काहीतरी वेगळं दिसतंय. प्रत्येक चादरीच्या एका कोपऱ्यावर छाप असायची, इस्पितळाची निळी, हॉटेलची हिरवी. एरवी चादरी सारख्याच पांढऱ्या. म्हणून घडी अशी घालायची की छाप वर, बाहेर दिसली पाहिजे, म्हणजे खाली गाडीवाल्याला कळतं कुठलं कुठे न्यायचं. आज ढिगावर छाप दिसत नव्हती. ती आत गेली होती.

धाकटीने मान वर करून पाहिलं. रेडिओच्या ढिगावरही छाप नव्हती. नवीच्याही नाही. सगळ्या खोलीत एकाही ढिगावर नाही. तिला हायसं वाटलं. आपण खाली गेलो होतो तेव्हा नवा निरोप आलेला दिसतो, ती मनात म्हणाली, नाहीतर सगळ्यांचं एकदम कसं चुकेल? आणि तिने छाप आत घालून पुढची चादर घेतली.

इकडे रेडिओला वाटत होतं, धाकटी सकाळी साहेबांकडे जाऊन आली, तिथून काहीतरी घेऊनच आली असणार. नवीने रेडिओचं बघून घातल्या. बाकीच्यांनी नवीचं बघून. एकीच्याही मनात विचारायचं आलं नाही असं नाही. सगळ्यांच्याच आलं. पण विचारायचं म्हणजे धाकटीला विचारायचं, आणि ती काय कोणाची प्रमुख होती? भोंगा झाला. सगळ्या ताठ मानेने घरी गेल्या.

गाडीवाल्याने ते सगळे कोरे ढीग पाहिले. वर येऊन विचारावं, तर जिना उंच. त्याने अंदाजाने थोडं इकडे, थोडं तिकडे भरलं. अंदाजाने निम्मं तरी बरोबर यावं माणसाचं. त्याचं तेवढंही आलं नाही.

हॉटेलात एक नवं जोडपं उतरलं होतं. त्यांनी पलंगावर अंग टाकलं तर उशाशी निळ्या अक्षरांत 'शस्त्रक्रिया विभाग'. मुलीने जी किंकाळी फोडली ती ऐकून शेजारच्या खोलीतला पाहुणा बॅग घेऊन निघून गेला. इस्पितळातून मात्र तक्रार आली नाही. एका आजोबांनी चादरीवरचं हॉटेलचं नाव वाचून, चहा खोलीत येतो की खाली जावं लागतं एवढं विचारलं, बस्स.

दुसऱ्या दिवशी साहेब वर आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"छाप आत घालायला कोणी सांगितलं?"

"सांगितलं कोणीच नाही," रेडिओ म्हणाली.

"मग सगळ्यांनी एकाच दिवशी कशा घातल्या?"

"मी रेडिओचं बघितलं," नवी म्हणाली.

"मी धाकटीचं," रेडिओ म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिने जीभ चावली.

साहेब धाकटीकडे वळले. "आणि तुम्ही?"

"मी सगळ्यांचं बघितलं," धाकटी म्हणाली. अगदी खरं सांगितलं तिने, आणि ते इतकं मूर्खासारखं ऐकू आलं की तिला स्वतःलाच लाज वाटली.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "उद्यापासून जोड्या बदलतील. प्रत्येकीचा ढीग वेगळा लागेल आणि मी इथे उभा राहून बघेन. सुरुवात कुठून होते ते मला कळलं पाहिजे."

जोड्या बदलणार. साहेब उभे राहून बघणार. म्हणजे उद्या सकाळी, पहिल्याच चादरीला, सगळ्यांदेखत. तिला डोळ्यांसमोर ते भिंतीवरचं घड्याळ दिसलं. आता 'माझं चुकलं, सगळ्या माझं बघतात, लिहा माझं नाव पाटीवर' असं म्हणून टाकावं का? पण मग खुर्ची गळ्यात पडणार, आणि थोरलीची जोडी तशीही तुटणार. काहीही बोललं तरी गाडी तिथेच जाऊन थांबत होती. तरी काहीतरी बोलायलाच हवं म्हणून तिने तोंड उघडलं.

"मी घातली," थोरली म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. थोरली एप्रनच्या खिशात उजवा हात घालून उभी होती. तो हल्ली तिथेच असायचा.

"पहिली उलटी घडी माझी. हिने माझ्यामागून हात केला. बाकीच्यांनी हिचं पाहिलं."

"तुम्ही? इतक्या वर्षांच्या अनुभवाच्या?" साहेब म्हणाले. "का?"

खालच्या यंत्रांची घरघर पायांना कळू लागली.

"लक्ष नव्हतं," थोरली म्हणाली.

हे धडधडीत खोटं होतं. थोरलीचं लक्ष नाही असं त्या खोलीत कोणी कधी पाहिलं नव्हतं. धाकटीने हळूच बाकीच्यांकडे बघितलं. रेडिओ जमिनीकडे बघत होती. नवी एका टॉवेलाचा दोरा ओढत होती. आणि धाकटीला एकदम कळलं की या सगळ्यांना माहीत आहे. हाताचं. बहुतेक पहिल्या महिन्यापासून. रेडिओने आयुष्यात दाबून ठेवलेली ती एकुलती एक बातमी होती. धाकटीला इतकं भरून आलं की रेडिओच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण रेडिओला ते सोसलं नसतं.

साहेबांनी पाटीकडे पाहिलं, मग त्या डबे ठेवायच्या यंत्राकडे.

"मी आल्यापासून," ते म्हणाले, "या खोलीत 'मी' असं कोणीतरी पहिल्यांदा म्हणालं. बाकी सगळं आपलं असंच." मग थोरलीला म्हणाले, "खुर्चीत तुम्ही बसा."

"मी?" थोरली म्हणाली. "चूक केली म्हणून?"

"कबूल केली म्हणून. वर एक नाव कळवायचंय, ते तुमचं कळवतो. काम एवढंच, की प्रत्येक ढिगाची छाप बाहेर आहे का बघायची." साहेब खिडकीबाहेर बघू लागले. "त्याला दोन्ही हात लागत नाहीत," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

त्यांच्या बुटांचा आवाज खाली पोचेपर्यंत कोणी हललं नाही. मग रेडिओ म्हणाली, "शिबिरात काहीतरी शिकवतात म्हणायचं."

संध्याकाळी घरी धाकटी थोरलीच्या मागे मागे करत होती. शेवटी ओट्याशी तिला गाठलंच.

"जाऊबाई, माझ्यासाठी कशाला आळ घेतलात अंगावर? चूक माझी होती. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं."

"तुझ्यासाठी?" थोरली वळली. "अगं, स्वतःला समजतेस कोण तू? मी काय तुझ्यासाठी खोटं बोलेन?"

"मग?"

"मग काय मग? मीठ बघ."

धाकटीने मीठ बघितलं. बरोबर होतं. नेहमीच असायचं. आता हिला मोठेपणा मिळाला म्हणून ही असं बोलते, आपले उपकार मानत नाही नि स्वतःचे दाखवतही नाही, असं धाकटीला वाटलं, आणि तिला थोडा रागही आला. इतके दिवस घडीचं वजन कोणी पेललं? पाय कोणाचे गेले? पण ती म्हणाली, "बरं, जाऊबाई."

सकाळी पाटीवर थोरलीचं नाव होतं, रंग अजून ओला. खुर्ची खिडकीपासून हलवून थोरलीने टेबलाच्या टोकाशी आणवली होती आणि ती तिच्यात ताठ बसली होती. हात मांडीवर. बायकांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. नवीने फक्त खुर्चीचा डुगडुगणारा पाय कागदाची घडी घालून बसवला.

गाठोडी आली. धाकटीच्या जोडीला आता रेडिओ. धाकटीने चादर उचलली, हवेला विचारलं, "काय, चादरी आधी घ्यायच्या का टॉवेल?" सगळ्या म्हणाल्या चादरी. रेडिओ उभी राहिली, धाकटी टोकं घेऊन समोर गेली. चादर ताणली गेली. दोघी थांबल्या.

रेडिओ धाकटीकडे बघत होती. धाकटी रेडिओकडे बघत होती. टेबलापलीकडे नवी चादर ताणून धाकटीकडे बघत होती, आणि तिच्यापलीकडच्या जोड्या नवीकडे. सगळ्या खोलीत चादरी ताणलेल्या, आणि एकही हात हलेना.

"कर ना," रेडिओ कुजबुजली.

"तू कर. उभी तू आहेस," धाकटी म्हणाली.

"मी कुठे करते कधी? मी तुझं बघून करते."

धाकटीने हात उचलायला घेतला आणि तिला कळलं की कोणता ते तिला ठाऊकच नाही. इतकी वर्षं चादर ताणली की समोरून हलकासा ओढा यायचा, आणि त्या ओढ्यामागून तिचा हात आपोआप जायचा. तो ओढा म्हणजे हुकूम आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. चादरच अशी असते असं वाटायचं. समोरून उजवा डाव्यावर आला की आपण उलटा करायचा, छाप बाहेर. आणि परवा? परवा समोरचा उजवा हात वर आलाच नसेल. थोरलीने डावा त्याच्यावर नेला असेल, आणि आपण डोकं खाली ठेवून तिच्यामागून गेलो, खोली आपल्यामागून, गाडी खोलीमागून. लक्ष नव्हतं एवढंच काय ते खोटं. बाकी थोरलीने अक्षर न् अक्षर खरं सांगितलं होतं. आणि आपण काल ओट्याशी तिच्यावरचे उपकार मोजत उभ्या होतो!

धाकटीने टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. थोरली तिच्याकडेच बघत होती. खोलीभर ताणलेल्या चादरी, सगळ्यांचे डोळे धाकटीवर आणि धाकटीचे थोरलीवर. थोरलीने डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाला धरून मांडीवरून उचलला. पहिल्यांदाच सगळ्यांदेखत. बोटं तशीच उघडी, लोंबत होती. तिने तो हळूच ओढून डाव्या मांडीवर आणून ठेवला. उजवा, डाव्यावर.

धाकटीने उलटा हात केला. रेडिओने केला. मग नवीने, मग पलीकडच्या सगळ्यांनी, आणि खोलीभर चादरी एकदम मिटल्या.

धाकटीला रडू फुटलं. दोन्ही हातांत चादर होती, त्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती. ती तशीच चालत रेडिओपर्यंत गेली, टोकं दिली, घडी उचलून मागे आली.

"रडतेस काय?" थोरली खुर्चीतून म्हणाली. "चादर ओली होईल. छाप बघ."

धाकटीने बघितली. बाहेर होती.

"बरं, जाऊबाई," ती म्हणाली, आणि पुढची चादर घेतली.